प्लग लावलास का?

१२ नोव्हेंबर, सोमवार

आमचा पिकअप ट्रक मेला. दवाखान्यातून परत येताना, आमचं गाव, नेसविक, दिसायला लागलं तेवढ्यात खालून काहीतरी करकरलं आणि मागची बाजू खाली बसली. नवरा, वाल्दी, शेजारी झोपला होता, तो जागासुद्धा झाला नाही. गॅरेजवाला ओरेस्ट येऊन ट्रक ओढून घेऊन गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला.

"रूना, सांगाडाच गंजून तुटलाय. स्क्रूड्रायव्हर लावला तर आरपार गेला बघ. याला आता वेल्डिंग करायचं म्हणजे बिस्किटाला टाका घालायचा."

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठ इथल्या सगळ्याच गाड्या खातं, पण आमच्याच गाडीला आत्ताच खायचं होतं. वाल्दीचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. दवाखाना इथून दीड तास. एक वेळ चुकली तर पाय सुजतात. लागोपाठ चुकल्या तर पाणी छातीत चढतं, आणि त्यापुढचं मरीलू नर्सने मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं आहे. म्हणजे गाडी नाही तर वाल्दी नाही. इतकं सरळ आहे ते.

ट्रक गेल्याचं सांगितलं तेव्हा तो हॉकी बघत होता. म्हणाला, "बरं झालं. दमला होता बिचारा." मला हसू आलं. या माणसाला कशाचंच काही वाटत नाही.

१४ नोव्हेंबर, बुधवार

आज इंग्रिड घेऊन गेली आम्हाला. पाद्रीबाई स्वभावाने सोनं आहे, पण गाडी अशी चालवते की वाटेतल्या मेलबॉक्सवरची नावं वाचून होतात. रोज रोज तिला सांगणं बरं नाही. तिची स्वतःची सासू आहे घरी.

गावात आणि आजूबाजूला विकाऊ गाडीच नाही. जी परवडते ती खालून आमच्या ट्रकची सख्खी बहीण. सोल्वेगचा कॅलगरीहून फोन, नेहमीचंच पालुपद, "आई, शहरात खोली घ्या दवाखान्याजवळ." वाल्दीने फोन हातात घेऊन विचारलं, "शहरात माझं काय आहे गं? पार्किंग?" आणि फोन मला परत दिला.

रात्री जेवायच्या वेळी ओरेस्ट आला. बायको गेल्यापासून तो बरोबर जेवायच्याच वेळी येतो. मोबाईलवर फोटो दाखवायला लागला. सीमेपलीकडे अमेरिकेत, नॉर्थ डकोटात एका विक्रेत्याकडे अॅरिझोनाहून आलेली जीप आहे, गडद लाल.

"जन्मात मीठ बघितलेलं नाही हिने. खालून बघ, नवरदेवासारखी स्वच्छ! तिकडं वाळवंट असतं, गंज कुठून लागणार?"

"कशाला एवढा खटाटोप," वाल्दी म्हणाला. "किती दिवसांसाठी?"

"किती दिवसांसाठी म्हणजे? दहा वर्षं टिकेल ती," मी म्हणाले.

यावर दोघंही मान खाली घालून मासा खात बसले. पुरुषांना निर्णय घ्यायची वेळ आली की हे असं होतं. मी ओरेस्टला सांगितलं, जायचं.

२१ नोव्हेंबर, बुधवार

रागाने पेन कागदात रुततंय.

पहाटेच ओरेस्टच्या गाडीतून निघालो. वाल्दीला इंग्रिड नेणार होती. ड्वेन नावाचा तो विक्रेता दारातच उभा होता, टोपीवर तितर पक्ष्याचं चित्र. गाडी खरोखर सुंदर. ओरेस्ट तिच्याखाली आडवा झाला तो बाहेरच येईना. खालून नुसते उसासे ऐकू येत होते. मी चालवून बघितली. वीस वर्षं शाळेची बस चालवली आहे मी, मला गाडीतलं कळतं. हिचं इंजिन कानाला लागत नाही. व्यवहार झाला, ड्वेनने कॉफी पाजली आणि आम्ही सीमेवर आलो.

तिथल्या अधिकाऱ्याने मालकीचा कागद बघितला आणि विचारलं, "हा तीन दिवस आधी आमच्याकडे पाठवलात का?"

मी ओरेस्टकडे बघितलं. ओरेस्ट छताकडे बघत होता. गाडी देशाबाहेर न्यायची तर कागद आधी द्यावा लागतो, त्यांनी तपासला की मगच गाडी सुटते. ओरेस्टला वाटलं होतं, दाखवला की झालं.

"बरं, मग शनिवारी येतो," मी म्हणाले.

"बाई, शनिवार-रविवार बंद. आणि उद्या थँक्सगिव्हिंग आहे. पुढच्या मंगळवारी या."

थँक्सगिव्हिंग! आपला कॅनडातला ऑक्टोबरात झाला, टर्की खाऊन हाडं कुत्र्याला घालून झाली. यांचा नोव्हेंबरात असतो हे टीव्हीवर दरवर्षी बघते, आणि आज डोक्यातून साफ गेलं. मी त्याला सांगितलं की माझा नवरा आजारी आहे. तो म्हणाला, "मला वाईट वाटतं, बाई," आणि त्याला खरंच वाटत होतं, त्यामुळे भांडताही येईना. गाडी परत ड्वेनच्या अंगणात लावली. येताना ओरेस्टशी मी एक अक्षर बोलले नाही, आणि त्याने रेडिओ लावायची हिंमत केली नाही.

घरी आले तर वाल्दी खिडकीशी पत्ते मांडून बसलेला. चेहरा तरतरीत. म्हटलं, कसं झालं डायलिसिस? तर गेलाच नव्हता! इंग्रिडला फोन लावला. ती बिचारी घाबरली. "अगं, त्यांनीच सकाळी फोन केला की रूनाच नेतेय, तुम्ही येऊ नका." वाल्दी म्हणतो, त्याला तसंच वाटलं होतं, कारण मी गाडी आणायला गेले होते ना. गोंधळ झाला म्हणाला. हल्ली औषधांनी त्याच्या डोक्यात गोंधळ होतो. यापुढे प्रत्येक फोन मीच करणार.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

आले. जिवंत आले, म्हणून लिहिते.

सीमेवर आज सगळं सुरळीत झालं. आमच्या बाजूच्या बाईने कागद घेतले, कर घेतला, शिक्का मारला आणि वर म्हणाली, "छान रंग आहे." ओरेस्ट मागून त्याच्या ट्रकमध्ये. मी पुढे. रस्ता कोरडा, ऊन. मला वाटलं, काय गाडी आहे! काटा नव्वदवर ठेवलेला, नेहमीसारखा, आणि मी मोठमोठे ट्रक मागे टाकत चालले आहे. मागून ओरेस्ट दिवे मारतोय. मला वाटलं, कौतुक करतोय. शेवटी त्याने गाठून हातवारे केले तेव्हा लक्षात आलं की काटा किलोमीटरचा नाही, मैलांचा आहे. नव्वद मैल! बसमधल्या पोरांनी बघितलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या.

ते हसू विनिपेगपर्यंतच टिकलं. शहर ओलांडलं आणि वारा सुटला. बर्फ पडत नव्हता, शेतातला उडून आडवा येत होता. समोरून एक ट्रेलर गेला आणि त्याने रस्त्यावरचा मीठमिश्रित चिखल सगळा माझ्या काचेवर फेकला. मी पाणी मारलं. आलं थोडं, आणि काचेवर पडल्या पडल्या गोठलं. मग आलंच नाही. अॅरिझोनावाल्यांनी त्यात साधं पाणी भरलं होतं! आमच्याकडे ते निळं, न गोठणारं असतं, हे मी बसच्या पहिल्या दिवशी शिकले होते, आणि आज बघितलंसुद्धा नाही. वायपर ते फासत होते आणि समोर नुसता दुधी पडदा.

मी बाजूची काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून चालवलं. थांबता येत नव्हतं, मागून कोणी आलं असतं तर सरळ माझ्यावर चढलं असतं. डोळ्यातून पाणी आलं की पापण्या चिकटायच्या. ओरेस्टचे दिवे कधीच दिसेनासे झाले होते. मी मोठ्याने वाल्दीला शिव्या देत होते. त्या गरीब माणसाचा काय दोष, पण दुसरं कोणाचं नाव तोंडात येईना. मी मेले तर याला बुधवारी कोण नेणार, एवढा एकच विचार होता. पेट्रोलपंपाच्या दिव्याखाली थांबले तेव्हा डाव्या गालाला हात लावला तरी कळत नव्हतं.

वाल्दीने दार उघडलं, माझा गाल दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "माझ्यासाठी असं करू नकोस, रूना." मी म्हटलं, मग कोणासाठी करू, शेजाऱ्यांसाठी? त्याने मला कोको करून दिला. खूप दिवसांनी केला त्याने.

२८ नोव्हेंबर, बुधवार

उणे एकतीस. सकाळी किल्ली फिरवली, गाडीने एक उचकी दिली आणि गप्प.

कारण सांगायला लाज वाटते. काल रात्री मी वायर घेऊन अंगणात गेले आणि गाडीच्या पुढे उभी राहिले. प्लग सापडेना. जाळीतून हात घातला, बंपरखाली वाकले, गुडघ्यांवर बसले. इथे प्रत्येक गाडीच्या नाकातून शेपटीसारखी एक वायर लोंबत असते. आत इंजिन गरम ठेवायचा हीटर असतो, रात्री घराच्या विजेला जोडून ठेवायचा. नाहीतर तेल गोठून गूळ होतं. नेसविकमध्ये शुभ रात्री म्हणत नाहीत, "प्लग लावलास का?" म्हणतात. आणि आम्ही गाडी घेतली, तिचा रंग बघितला, बूड बघितलं, आसनं बघितली. प्लग आहे का, हे मी विचारलं नाही, ओरेस्टने विचारलं नाही.

"अगं, गाडीला चाकं आहेत का असं कोणी विचारतं का?" ओरेस्ट म्हणाला. तो टोपी काढून डोकं खाजवत उभा होता. चाळीस वर्षं गॅरेज चालवतो हा माणूस. "अॅरिझोनात इंजिन थंड करायला मरतात. माझ्या ध्यानातच आलं नाही."

वाल्दी इतका हसला की त्याला खोकला आला. आम्ही तिघं ओरेस्टच्या टो ट्रकच्या पुढच्या सीटवर कोंबून दवाखान्यात गेलो. हीटर मागवला आहे.

१ डिसेंबर, शनिवार

ओरेस्टने हीटर बसवला. काचेवर मारायचं साधं पाणी काढून न गोठणारं भरलं, म्हणाला जुन्यात जपून ठेवण्यासारखं काही नव्हतं. गाडीला शेपूट आलं. मी अंगणात उभी राहून प्लग लावला आणि वाल्दीने आतून खिडकीवर टकटक करून अंगठा दाखवला.

१० डिसेंबर, सोमवार

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण सगळं चांगलं चाललं आहे. प्लग लावते, सकाळी गाडी गुरगुरते, जातो, येतो. सीट गरम होते, वाल्दीला ते आवडतं. गाडीत बाहेरचं तापमान अमेरिकन फॅरनहाइटमध्ये दिसतं. आज त्यात 'पाच' दिसत होतं. वाल्दी म्हणाला, "वा, कोट काढतो." म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये उणे पंधरा.

येताना तो नेहमी ग्लानीत असतो. आज मात्र तळ्याच्या बाजूने येताना जागा होता. तळं पूर्ण गोठलंय. लांबवर त्याच्या पुतण्याची, बाल्डरची गाडी दिसली, बर्फाखालून माशांची जाळी काढत होते, जन्मभर वाल्दीने काढली तशी. वाल्दी मान वळवून बघत राहिला, मागे जाईपर्यंत.

"ती मशीन रक्त धुते ना," तो म्हणाला, "तर त्याबरोबर दिवसही धुतला जातो बघ. आज घालवला, उद्या त्यातून उठायला जाणार, आणि परवा पुन्हा तेच."

मी म्हटलं, उन्हाळ्यात बरं वाटेल तुला. तो म्हणाला, "हं." माझा हात स्टिअरिंगवर होता, त्यावर त्याने हात ठेवला. घर येईपर्यंत ठेवला होता.

१२ डिसेंबर, बुधवार

गाडी सुरू झाली नाही. उणे छत्तीस. प्लग मी स्वतः लावला होता, मी शपथेवर सांगते. सकाळी बघितलं तर प्लग जागेवर, पण इंजिन दगड. ओरेस्ट गावभर लोकांच्या गाड्या जागवत फिरत होता, फोन उचलायला सवड नाही. इंग्रिडची गाडीही बंद. मी किल्ली फिरवून फिरवून बॅटरी संपवली आणि मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. आत आले तर वाल्दी म्हणाला, "जाऊ दे गं. एक दिवस घरी बसू. ये, पत्ते खेळू." खेळलो. तो जिंकला.

१४ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा तेच. उणे अडतीस. ओरेस्ट दुपारी आला तोवर दवाखान्यातली वेळ निघून गेली होती. उद्या घ्या म्हणून मी मरीलूच्या हातापाया पडले फोनवर. ती म्हणाली, आत्ताच रुग्णवाहिका बोलवा. वाल्दी नको म्हणाला. त्याचे पाय सुजून मोज्यात मावत नाहीत. मी त्या लाल गाडीला लाथ मारली. अॅरिझोनात काय ऊन खात होतीस ते खात बसायचंस, इथे कशाला आलीस माझ्या नवऱ्याचा जीव घ्यायला?

१८ डिसेंबर, मंगळवार

शनिवारी वाल्दीला श्वास घेता येईना. ओठ निळे. रुग्णवाहिका बर्फातून आली तेव्हा मी दारात नुसती उभी होते, हातात त्याचे बूट. तीन दिवस दवाखान्यात होता, आज घरी आणला. तरुण डॉक्टर मला बोलला, "इतकं दूर राहता तर गाडीची नीट सोय नको का?" मी ऐकून घेतलं. काय सांगणार, गाडी आहे, पण तिला आमच्याशी वैर आहे?

ओरेस्ट येऊन दोन तास गाडीच्या नाकाशी बसला. मीटर लावून सगळं तपासलं. आत येऊन हात शेकत म्हणाला, "हीटर ठीक आहे. वायर ठीक आहे. भिंतीतली वीजही ठीक आहे."

"मग गाडी थंड कशी पडते?"

"आता मी काय सांगू, रूना." त्याने वाल्दीकडे बघितलं. वाल्दी पत्ते पिसत होता. "मी यंत्रातलं सांगू शकतो. यंत्रात काही नाही."

आणि जेवायला थांबला नाही! ओरेस्ट! मला वाटतं त्याला कमीपणा वाटला, दोष सापडला नाही म्हणून. पण जाताना एक नवीन वायर देऊन गेला, जिच्या टोकाला लाल दिवा आहे. हीटरपर्यंत वीज पोचत असली की दिवा जळतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो.

सोल्वेगला सांगितलं, जानेवारीत शहरात खोली बघ. वाल्दीला अजून बोलले नाही.

२१ डिसेंबर, शुक्रवार

काल झोपताना लाल दिवा होता. आज उठले तर नव्हता. धावत गेले. प्लग जागेवरच, पण थोडा सैल, जेमतेम टेकलेला. ताज्या भुरभुर बर्फात वाल्दीच्या बुटांचे ठसे होते आणि बाजूला त्याच्या काठीचे. मला भरून आलं. म्हणजे त्यालाही काळजी आहे, इतक्या थंडीत, त्या पायांनी, गाडी बघायला बाहेर गेला होता. त्यानेच हलवून बघितला असेल आणि सैल झाला असेल. मी त्याला रागावले नाही, नुसतं म्हटलं, प्लगचं मी बघते, तू बाहेर पडू नकोस. त्याने माझ्याकडे बघितलं. "तुला खरंच," म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "बरं."

इंग्रिडने नेलं. वाल्दीला मशीन लावल्यावर मरीलू मला कॉफीच्या यंत्रापाशी घेऊन गेली. फिलिपिन्सची आहे ती, स्वतःच्या आईबापांसारखं वागवते आम्हाला.

"रूनाताई, रागावू नका. दोन वर्षं मी बघतेय. तुम्ही वेळा विचारता, वजन विचारता, औषधं विचारता. त्यांना हे हवंय का, असं कधी विचारलंत?"

"कोणाला जगायचं नसतं?" मी म्हणाले. "हे काय विचारणं झालं?"

"इथे बरेच लोक डायलिसिस थांबवतात, ताई. आम्ही घरीच ठेवतो, त्रास होऊ देत नाही. मग माणूस आठवडा, कधी दोन आठवडे जगतो. त्यांचा हक्क असतो तो."

मी कॉफी तशीच टाकली आणि निघून आले. हिची हिंमत कशी झाली? वरिष्ठांना सांगणार होते. येताना वाल्दी झोपलेला आणि मी इंग्रिडच्या मागच्या सीटवर. मेलबॉक्स एकेक करून जात होते, आणि माझ्या डोळ्यापुढे ते ठसे. घरातून गाडीपर्यंत, गाडीपासून घरापर्यंत. सरळ प्लगपाशी.

२३ डिसेंबर, रविवार

काल लिहिवलं नाही.

शुक्रवारी रात्री मी त्याला विचारलं, "प्लग तू काढतोस?"

त्याने पत्ते खाली ठेवले. "हो."

"आधीचाही? बाराचा? चौदाचा?"

"काढायचो, आणि सकाळी तू उठायच्या आत परत लावायचो."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ताट फोडलं एक. मी काच खाली करून, डोकं बाहेर काढून गाडी आणली, माझे डोळे गोठले, आणि तू! मी लोकांच्या पाया पडत होते आणि तू आत बसून पत्ते मांडत होतास! भेकड म्हटलं त्याला, जो माणूस एकदा तळ्यावरच्या फुटलेल्या बर्फातून बुडत्या भावाला ओढून घेऊन आला होता त्याला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भेकड खराच. तुला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. तू इतकी पळत होतीस. म्हटलं, गाडीनेच नाही म्हटलं तर तुला माझा राग यायचा नाही."

"मग सांग ना. आता सांग."

"मला पुरे झालं, रूना. तुझा कंटाळा नाही आला. मशीनचा आला. मला ते नको."

काल दिवसभर मी कामं काढत राहिले. मी घर पुसलं, पुन्हा पुसलं. दुपारी केक केला, आलुबुखाराच्या थरांचा, त्याला मनाई आहे तरी केला, हात रिकामे ठेवता येईनात म्हणून. मी त्याच्यासाठी करतेय असं मला वाटत होतं. विचारलंच नव्हतं. त्याच्याशिवायचं घर मला बघवत नव्हतं, म्हणून मी आठवड्यातून तीनदा त्याला त्या खुर्चीत नेऊन बसवत होते. हे लिहिलं खरं, पण पटवून घेता येत नाही. अजूनही वाटतं, उद्या उचलून गाडीत घालावं आणि न्यावं. सोल्वेगला फोनवर सांगितलं तर ती खूप रडली, आणि मग म्हणाली, "बाबांनी मला उन्हाळ्यातच सांगितलं होतं. मी तुला सांगायला घाबरले." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ती उद्या निघते आहे.

आज अंधार पडल्यावर मी कोट घातला आणि बाहेर गेले. वाल्दी खिडकीत उभा होता. वायर हातात घेऊन मी किती वेळ उभी राहिले कोणास ठाऊक. नाही लावला तर त्याच्या मनासारखं होईल, आणि उद्या मला काही ठरवावं लागणार नाही. गाडीच नाही म्हणेल. ते सोपं होतं. त्याने तेच केलं होतं, आणि मला ते करायचं नव्हतं.

मी प्लग लावला. दिवा लागला. आत येऊन त्याला म्हटलं, "सकाळी गाडी सुरू होईल. कुठे जायचं ते तू सांगायचं. मी नेईन."

२४ डिसेंबर, सोमवार

सुरू झाली, पहिल्या फिरकीत. गाडीत उणे चाळीस दाखवत होतं. या एका आकड्यावर त्यांचं आणि आपलं मोजमाप जुळतं.

वाल्दीला कोट घालून आणला, पट्टा लावला, मांडीवर पांघरूण घातलं. मी हात स्टिअरिंगवर ठेवून बसले आणि विचारलं, "कुठे?"

"खरंच विचारतेस?"

"हो."

मी मनात दवाखाना, दवाखाना म्हणत होते, लहान पोरासारखी. खोटं कशाला लिहू.

"तळ्यावर," तो म्हणाला. "बाल्डर आज सणाआधीची शेवटची जाळी काढतोय."

मी आत जाऊन मरीलूला फोन केला, सांगितलं की वाल्दी आता मशीनवर येणार नाही. ती म्हणाली, उद्या नाताळ असला तरी घरी येणाऱ्या नर्सची व्यवस्था करते. मग म्हणाली, "मीही येईन, ताई, चालेल ना?" मी हो म्हटलं.

जन्मभर या तळ्याकाठी राहिले, पण बर्फावर गाडी मी कधी घातली नव्हती. ते त्याचं काम. किनाऱ्याशी रस्ता संपतो, पुढे बर्फावर चाकांच्या खुणा आणि झुडपांच्या फांद्या रोवलेल्या, दिशा कळावी म्हणून. मी ब्रेकवर पाय दाबून थांबले.

"हळू घे," वाल्दी म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच होता, होडीवरचा. "जोरात गेलीस तर खाली लाट उठते आणि पुढचा बर्फ फुटतो. फांद्यांच्या डाव्या हाताने चल. काचा खाली कर. आणि पट्टा काढ."

"पट्टा कशाला?"

"बर्फावर पट्टा बांधायचा नसतो, वेडे. खाली गेलो तर सुटता आलं पाहिजे."

त्याची बोटं सुजलेली, त्याला खटका दाबता येत नव्हता. मी वाकून आधी त्याचा पट्टा सोडला, मग माझा, आणि सगळ्या काचा खाली केल्या.